पांढरे फुगे

१२ जुलै, शनिवार. अकोला

आजही नाही. एकही शब्द नाही.

कार्डं घेऊन दोन तास बसले. ग्लासचं चित्र, खाली ‘मला पाणी हवं’. ताटाचं चित्र, खाली ‘मला जेवायचं आहे’. पंखा, उशी, संडास. प्रत्येक कार्ड मी चांगल्या अक्षरात केलंय, कडा गोल कापल्यात, वरून प्लास्टिक लावलंय. भाऊ कार्डाकडे पाहतो, मग माझ्याकडे, मग खिडकीकडे. तोंड उघडतो. हवा येते. नुसती हवा!

९ जानेवारीला शाळेची भिंत रंगवताना झटका आला. उजवा हात, उजवा पाय, वाचा. पाय थोडा परत आला, धरलं तर चार पावलं टाकतो. समजतं सगळं. वहिनी भाजीत मीठ विसरल्या तर ताट सरकवतो. गोवर्धन आर्ट्सचा गोवर्धन पेंटर — ज्याच्या तोंडी लागायला गांधी रोडवरचे पानठेलेवालेही घाबरायचे — तो आत जसाच्या तसा आहे. फक्त बाहेर येत नाही.

स्पीच थेरपीच्या मॅडम म्हणाल्या होत्या, ‘पहिलं वर्ष महत्त्वाचं. त्यातही पहिले महिने.’ सहा गेले.

बसमध्ये शेजारची बाई विचारत होती, ‘भावाले बरं हाय ना आता?’ मी ‘हो’ म्हणाले. कशासाठी म्हणाले?

१४ जुलै, सोमवार. अमरावती

नागसेन सर ग्रंथालयात आले. मराठी विभागात त्यांनी नवा पेपर सुरू केलाय — कॉमिक्स, ग्राफिक कादंबरी आणि आजचा सिनेमा. शिफारशीची यादी ग्रंथपालांनी करायची, म्हणजे मी. तीस नावं.

‘मॅडम, एका नावापुढं एकच ओळ. हे काहून वाचाचं, हे काहून पाहाचं. बस! त्याच्यावर पोट्टे वाचत नाईत.’

मी म्हटलं, स्वतः वाचल्या-पाहिल्याशिवाय मी एकही नाव देणार नाही.

‘तीसच्या तीस? मंग हा पेपर आमच्या नातवाईले शिकवा लागते!’

सर माझ्याशी मुद्दाम वऱ्हाडीत बोलतात. मी शुद्ध मराठीत उत्तर देते. सात वर्षं हेच चाललंय. मुदत सप्टेंबरअखेर.

संध्याकाळी चालत घरी येताना राजापेठेत मध्येच थांबले. एक रिक्षावाला ओरडला. भाऊ कॉमिक्सवर वाढलाय! अकोल्याच्या बसस्टँडजवळ भाड्याची लायब्ररी होती, तिथे तो दिवस-दिवस उभ्यानं वाचायचा. त्याच चित्रांवरून हात बसला. मग थिएटरचे बॅनर. हिरोचा वीस फुटी चेहरा, आणि डोळ्यातला पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी, शिडीच्या टोकावरून. ‘हा ठिपका देल्ला का हिरो पायते,’ म्हणायचा.

आणि आम्ही त्याला ग्लास दाखवतोय!

यादीतलं प्रत्येक पुस्तक आधी अकोल्याला नेईन. कार्डानं जे होत नाही ते गोष्टीनं होईल.

हा पेपर घेणाऱ्या तीनशे मुलांची यादी मी एका आजारी माणसाच्या चेहऱ्यावरून ठरवणार — हे प्रामाणिक आहे का? नाही बहुतेक. तरी नेणार.

१९ जुलै, शनिवार. अकोला

पिशवीत सहा पुस्तकं. मूर्तिजापूरपर्यंत उभी होते.

क्र. १, अंतराळातल्या लढाईची. पानं चकचकीत. दोन पानं पाहिली, डोळे मिटले. क्र. ३, एका म्हाताऱ्या बाईनं आपलं लहानपण काढलंय, काळ्या-पांढऱ्यात. इथे थांबला! एका चौकटीवर डावं बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

‘काय आहे भाऊ? चूल आहे ना? म्हण — चूल. चू—’

बोट काढून घेतलं.

मैनावहिनी दारात भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, ‘ताई, तुमी त्याईले गोष्ट दाखवून राह्यल्या का परीक्षा घेऊन राह्यल्या?’

रागानं नाही म्हणाल्या. म्हणून जास्त लागलं.

२० जुलै, रविवार

चूल नव्हती. आज ती चौकट नीट पाहिली. चुलीमागे एक मांजर होतं. भिंगातून पाहावं इतकं लहान.

२६ जुलै, शनिवार. अकोला

लिहवत नाही, पण लिहिते.

क्र. ७, जपानी कॉमिकचं भाषांतर, एका बेटावरच्या खुनाची गोष्ट. आठवडाभर वाचून यादीतली ओळही लिहून ठेवली होती — ‘गुन्हेगार पहिल्याच पानावर सांगून टाकण्याचं धाडस; इथे गोष्ट उलगडत नाही, मिटत जाते.’ ओळीवर मी खूश होते.

भाऊनं पुस्तक मांडीवर घेतलं आणि शेवटून उघडलं. मी सुलटं करून दिलं. त्यानं पुन्हा शेवटून. मी पुन्हा सुलटं केलं, पहिल्या पानावर बोट ठेवून दाखवलं, ‘इथून, भाऊ.’ पुन्हा शेवटून! चौथ्यांदा त्यानं माझा हात झटकला. डाव्या हातात एवढं बळ असेल असं वाटलं नव्हतं.

स्वयंपाकघरात जाऊन रडले. वाचा गेली, हात गेला, आणि आता पुस्तक कुठून उघडायचं तेही गेलं. ज्या माणसानं मला पहिलं पुस्तक हातात धरायला शिकवलं त्याचं!

वहिनींनी चहा केला. दोघी भिंतीला टेकून प्यालो. बाहेरून पान उलटल्याचा आवाज येत होता. तो उलटंच पाहत बसला होता, एकटा, तासभर.

२८ जुलै, सोमवार. अमरावती

मेले तरी बरं होईल अशी लाज!

नागसेन सरांना सांगताना आवाज फुटला. त्यांनी क्र. ७ हातात घेतलं, मागून उघडलं, आणि ग्रंथालयात हसू नये तसे हसले.

‘मॅडम! जपानी पुस्तक तिकूनच वाचतेत. उजवीकडून डावीकडं. भाऊनं सुलटं वाचलं. उलटं तुमी वाचलं!’

‘असं कुठे लिहिलंय?’

ज्याला मी पहिलं पान समजत होते ते त्यांनी काढलं. त्यावर पुस्तक परत करायच्या तारखेचं पत्रक होतं. नखानं कोपरा उचलला. खाली मोठ्या अक्षरात सूचना — थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूनं आलात.

पत्रक मीच चिकटवलं होतं. सरळ. चारी कडा दाबून.

गुन्हेगार पहिल्याच पानावर! कळणारच ना — ते शेवटचं पान होतं. ‘मिटत जाते’ म्हणे! ओळ खोडली. मीही हसले, जानेवारीनंतर पहिल्यांदा. सर म्हणाले, ‘चला, आमच्या मॅडमचे दात पाह्यले आज.’

मग दुपारभर हसू आलं नाही. तीनदा त्यानं मला सांगितलं. तीनदा मी त्याला सुधारलं.

आणि आणखी एक लक्षात आलं. त्या पुस्तकाची पानं डाव्या हातानं उलटतात. त्याच्या हाताला बसणारं पहिलं पुस्तक मी त्याच्याकडून काढून घेत होते.

९ ऑगस्ट, शनिवार. अकोला

राखी. उजव्या हाताला बांधली. रीत म्हणून.

परतीच्या बसमध्ये कळलं की त्या हाताला तर काहीच लागत नाही. डाव्याला बांधायला हवी होती.

१७ ऑगस्ट, रविवार. अकोला

क्र. २१ ते ३० सिनेमे आहेत. दोन मोबाइलवर दाखवले, तो पडदा पाहून कंटाळला. वीस फुटांची सवय असलेला माणूस! म्हणून आज थिएटरात नेलं. मी, वहिनी, भाऊ, चाकांची खुर्ची. क्र. २४, सध्या गाजत असलेला मराठी सिनेमा, जमीनदाराच्या घराण्याचा. याच थिएटरचे बॅनर त्यानं पंधरा वर्षं रंगवले.

दारावरचा देवमन अजून तोच आहे. त्यानं भाऊला पाहिलं आणि दोन्ही हात पसरले.

‘पेंटर! कुठी होते बाप्पा इतके दिवस? आमाले विसरले का?’ मग थांबला. ‘काहून बोलत नाई, पेंटर? कट्टी घेतली का?’

वहिनींनी त्याला बाजूला नेऊन सांगितलं. परत आला तेव्हा तिकिटं न पाहताच दार उघडून धरलं, आणि खुर्ची स्वतः ढकलत नेली. वाटेत बोलतच होता — कुठला बॅनर कुठे लागला होता, कुठल्या हिरॉईनचं नाक चुकलं होतं. भाऊचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर थापट्या देत होता. नाक चुकलं नव्हतं, असं सांगत असावा. मला तरी तसं वाटलं. माझ्या वाटण्यावर किती विसंबायचं?

सिनेमात मालक, मालकीण, मुलगा, सून सगळे स्वच्छ पुणेरी बोलत होते. घरगडी तेवढा वऱ्हाडी. पोलीस विचारतो, तो डोळे फिरवून म्हणतो, ‘मले का मालूम?’ — आणि अख्खं थिएटर हसलं. अकोल्यातलं थिएटर! घरी जाऊन सगळे हेच बोलणार, आणि इथे हसतात. मीही हसले.

भाऊ हसला नाही. त्यानं मान वळवली. मान वळवायला त्याला वेळ लागतो. हळूहळू वळवून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

किती वेळ पाहत होता माहीत नाही. मी पडद्याकडेच पाहत राहिले.

१८ ऑगस्ट, सोमवार. अकोला

श्रावणातला शेवटचा सोमवार. राजराजेश्वराच्या कावडी येताहेत. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर. रस्ते बंद, बस नाही, रजा टाकली. खिडकीखालून ढोल जाताहेत. भाऊ पलंगावर डोळे मिटून. आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

२०१४ ची गोष्ट. फ्लेक्स आले, बॅनर बंद झाले. भाऊनं दोन वर्षं बसून बेचाळीस पानांची चित्रकथा काढली. ‘हिरो उतरला’. दुपारचा खेळ सुटल्यावर बॅनरवरचा हिरो खाली उतरतो आणि पेंटरच्या दुकानात येऊन भांडतो — ‘पेंटर, मले वीस फुटाचा केला, मंग पोट काहून नाई काढलं? भूक कुठी ठेवू?’ कारण बॅनरवर हिरो छातीपर्यंतच असतो! पुढे तो पोट शोधत गावभर फिरतो. सोबत थिएटर झाडणारा नोकर.

कापडी पिशवीत घालून तो स्वतः अमरावतीला आला होता. ‘साधने, तू शिकलेली हायस. चुका पाहून दे.’

मी पाहून दिल्या. लाल शाईनं. मूळ पानांवर! पुस्तकात पेन्सिलची रेघ ओढणाऱ्या मुलांना मी चारचौघांत उभं करते. आणि त्याच्या दोन वर्षांच्या चित्रांवर, प्रत्येक संवादाच्या फुग्यात, लाल शाई. ‘मले’ खोडून ‘मला’. ‘काहून’ खोडून ‘का’. ‘कुठी’ खोडून ‘कुठे’. समासात टीप — ‘नायकाची भाषा प्रमाण हवी. नोकराची वऱ्हाडी चालेल.’

नोकराची चालेल!

पुण्याच्या वसतिगृहात पहिल्या दिवशी मी ‘मले चादर पायजे’ म्हटलं होतं. सगळी खोली हसली. आठ दिवसांत मी ‘मला’ झाले. एकवीस वर्षांची होते. पण २०१४ मध्ये मी एकवीसची नव्हते. हे कारण आहे की सबब?

भाऊनं माझ्यासमोर पानं चाळली. चहा प्याला. म्हणाला, ‘बरं झालं. हिरोचं तं माया ध्यानातच नाई आलं.’ पिशवी उचलली, गेला. नंतर त्यानं कधी विषय काढला नाही. मीही नाही. अकरा वर्षं.

काल थिएटरात त्याच्या डोळ्यांत तेच होतं का? की मीच ते तिथे ठेवतेय? त्याला साधी लघवीला जायची घाई असेल. नंतर खरंच झाली होती.

३१ ऑगस्ट, रविवार. अकोला

वाईट दिवस.

थेरपीच्या मॅडम आज मुद्दाम घरी आल्या. ग्लासचं कार्ड धरलं. ‘काका, म्हणा — मला.’ भाऊनं ओठ घट्ट मिटले. पुन्हा धरलं. त्यानं डाव्या हातानं सगळी कार्डं पलंगाखाली लोटली आणि भिंतीकडे तोंड केलं. माझ्या गोल कडांची कार्डं!

मॅडम बाहेर येऊन शांतपणे बोलल्या. त्यांचा दोष नाही, चांगल्या आहेत. ‘आठ महिन्यांत एकही शब्द नाही. आता त्यांनी प्रयत्नच सोडलेत. सप्टेंबरअखेर पाहू. नाहीतर थांबवू या. कार्डांवर बोट ठेवून गरजा सांगता आल्या तरी खूप. काही जणांची वाचा येत नाही, ताई. ते स्वीकारावं लागतं.’

वहिनींनी विचारलं, ‘म्हंजे हे आता असेच?’

वहिनी आत गेल्या आणि कुकर लावला. शिट्टी होईपर्यंत तिथेच उभ्या होत्या, पाठ करून.

रात्रीचं जेवण त्यानं घेतलं नाही. फोनवर कळलं.

१ सप्टेंबर, सोमवार

सकाळचंही नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

दोन घास वरण-भात. वहिनींनी शपथ घातली तेव्हा.

यादीत एकोणीस नावं झालीत. एकाही ओळीत जीव नाही. ‘वाचनीय.’ ‘प्रभावी चित्रं.’ कुणासाठी लिहितेय हे?

६ सप्टेंबर, शनिवार. अकोला

आज वहिनींना विचारलं, ती पानं कुठे आहेत. वाटलं होतं जाळली असतील.

‘ते? पलंगाच्या पेटीत हायेत. मी रद्दीत देत होती तं अंगावर आले माया. फेकू नाई देल्ले.’

ज्या पलंगावर तो आठ महिने पडून आहे, त्याच्याच पेटीत! पेटी उघडायला त्याला उठवून खुर्चीत बसवावं लागलं. मी काय काढतेय ते त्यानं पाहिलं. चेहरा हलला नाही.

बेचाळीसच्या बेचाळीस पानं आहेत. माझी लाल शाई कुठेच नाही. हिरोच्या प्रत्येक फुग्यावर त्यानं पांढरा रंग मारलाय. माझे शब्द गेले, त्यांच्याखालचे त्याचेही गेले. नोकराचे फुगे तसेच आहेत, काळ्याभोर अक्षरात. नोकर बोलतो, भांडतो, गाणी म्हणतो. हिरो बेचाळीस पानं तोंड उघडतो आणि पांढरा फुगा.

पहिलं पान पाहिल्यावर मला पुढची पाहवेनात. तरी सगळी पाहिली.

७ सप्टेंबर, रविवार. अकोला

कागद पातळ आहेत. छापखान्यातून उरलेले आणायचा तो. सकाळी एक पान हातातून पडलं, पालथं पडलं — आणि मागच्या बाजूला अक्षरं! शाई मागे उतरलीय. रंग पुढून मारला, मागून नाही. अक्षरं उलटी, पण आहेत. लाल आणि काळी एकमेकांत.

वहिनींचा फणीसोबतचा छोटा आरसा मागितला. खिडकीत बसून एकेक फुगा आरशात धरून वहीत उतरवला. लाल रेघांमधून काळं वेगळं करायला वेळ लागतो. मधूनमधून आरसा कलतो आणि माझाच डोळा दिसतो.

‘मले वीस फुटाचा केला, मंग पोट काहून नाई काढलं?’

‘तुले रंग पुरला नाई का माया पोटासाठी दया पुरली नाई?’

हे दुसरं वाक्य मला आठवतही नव्हतं! त्यावर मी लिहिलं होतं — ‘दया पुरणे’ असा प्रयोग नाही.

सहा तास. बेचाळीस पानं. दोन फुगे लागले नाहीत. भाऊ भिंतीकडे तोंड करून होता, पण झोपला नव्हता. झोपला की तो घोरतो.

१३ सप्टेंबर, शनिवार. अकोला

वाचून दाखवलं. सगळं. मोठ्यानं, वऱ्हाडीत, त्याच्या पाठीला.

आणि मला येत नाही! तेवीस वर्षांनी तोंडात बसत नाही. ‘राहिलो’ म्हणते आणि मग ‘राह्यलो’ करते. ‘काहून’मधला ‘हू’ लांबतो. सातव्या पानाला वहिनी फिस्सकन हसल्या, पदर तोंडाला लावून.

‘ताई, रागवू नका, पन् तुमची वऱ्हाडी त्या सिनेमातल्या गड्यावानी हाय!’

खरंच होती. ऐकून लिहिणाऱ्याची भाषा.

भाऊची पाठ हलली नाही. शेवटच्या पानापर्यंत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार. अकोला

पुन्हा दोनदा वाचलं. काही नाही.

अपराध कबूल केला की देवळात प्रसाद मिळतो तसं काही मिळेल असं मला वाटत होतं का? वाटत होतं.

निघताना म्हटलं, ‘भाऊ, मी चुकले.’ त्यानं डोळे मिटले. हे ऐकल्याचं लक्षण की थकल्याचं?

२० सप्टेंबर, शनिवार. अकोला

नीट लिहायला हवं. जसं झालं तसं.

दुपारचे तीन. बसनं डोकं धरलं होतं. चष्मा पिशवीत राहिला. भाऊ उशीला टेकून बसला होता, डाव्या हातात चहाचा कप, जवळजवळ रिकामा. मी वही उघडली, पण अक्षर दिसेना, म्हणून आठवणीतून सुरू केलं — ‘पेंटर, मला वीस फुटांचा केलंस —’

‘ले.’

मी थांबले. वर पाहिलं. त्यानं डावा हात पुढे केलेला. हातात कप.

वहिनी धावत आल्या. ‘बोलले? बोलले ना वो? कप ले म्हून राह्यले!’ त्यांनी कप घेतला, तो तसाच छातीशी धरला आणि रडायला लागल्या. आता चहाचा डाग पडलाय लुगड्यावर.

कप ले. कप घे. अकोल्यात अर्धे लोक तसंच बोलतात. दुकानात तोही पोरांना म्हणायचा — ले, हा ब्रश ले.

शब्द आला! हे पुरे आहे. पुरे असायला हवं.

पण मी ‘मला’ म्हटलं होतं. आणि तो ‘ले’ म्हणाला.

२१ सप्टेंबर, रविवार. अकोला

आज मुद्दाम चुकीचं वाचलं. ‘मला वीस फुटांचा केलंस.’ थांबले. ‘मला.’ थांबले. दहा वेळा. रिकामा कपही हातात देऊन पाहिला!

त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. जपानी पुस्तक तिसऱ्यांदा सुलटं करून दिलं तेव्हा पाहिलं होतं तसं.

परीक्षा. वहिनींनी जुलैतच सांगितलं होतं. सुधारत नाही मी.

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, ‘एखादा उच्चार आपोआप निघतो, ताई. परत आला तर सांगा. मुदत तीच ठेवू.’

२४ सप्टेंबर, बुधवार. अमरावती

यादी दिली. जुन्या सगळ्या ओळी काढून टाकल्या. एक सोडून तीच नावं, पण जे झालं तेवढंच लिहिलं.

क्र. ३ — चुलीमागचं मांजर शोधा. सापडेपर्यंत पान उलटू नका.

क्र. ७ — उजवीकडून डावीकडे. सूचना तारखेच्या पत्रकाखाली होती. पत्रक काढलं आहे.

क्र. २४ — पाहा. कुठे हसलात ते लिहून आणा.

नागसेन सरांनी उभ्यानं वाचली. क्र. २४ वर थांबले. ‘ही ओळ तुमी लिहिली?’ विनोद करतील असं वाटलं, केला नाही. मग शेवटी आले. ‘तिसाव्यापुढं ओळ नाई, मॅडम.’

क्र. ३० एका सिनेमासाठी ठेवला होता. तो काढला. तिथे लिहिलंय — ‘हिरो उतरला’, गोवर्धन पेंटर, अकोला. हस्तलिखित.

‘त्याची शिफारस करायचा अधिकार मला नाही, सर.’

‘मंग कोणाले हाय?’

सरांनी यादीची घडी केली आणि खिशात ठेवली. जाताना म्हणाले, ‘जागा मोकळी राहू द्या. भाऊलेच लिहू द्या थे ओळ.’

हे दयेनं म्हणाले की खरंच? मला कळलं नाही. थेरपीच्या मुदतीला सहा दिवस उरलेत.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. अमरावती

दुपारी वहिनींचा फोन. ‘बोला. त्याईच्या कानाले लावून राह्यली.’ नेहमीसारखा श्वास ऐकू आला. नेहमीसारखं मी विचारलं, ‘भाऊ, कसा आहेस? तुला बरं वाटतंय का?’

श्वास.

‘तुले.’